बारावी झाली, हॉटेल लाइनला जायचंय पण घरचे नको म्हणतात

चोपड्याचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला, यंदा बारावी कॉमर्स झाली, घरी केळी अन् कपाशी. दोन वर्षांपासून लग्नसराईत गावातल्या आचारी काकांसोबत जातो, आधी नुसतं पाणी वाढायचो, आता भरताची वांगी माझ्याकडे देतात. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर देठाला धरून फिरवायची, साल काळी होऊन फुटली की गरम गरमच सोलायची (बोटं पोळतात पण थंड झाली की साल चिकटते), मग बडगीत (लाकडी उखळात) मिरची लसणासोबत ठेचायची. मला हे काम खरंच आवडतं. पण हॉटेल मॅनेजमेंटचं नाव काढलं की आप्पा म्हणतात, शिकून सवरून लोकांची उष्टी ताटं उचलशील का. त्यात एका खाजगी कॉलेजवाल्याचा फोन आला, वर्षाचा डिप्लोमा, नंतर दुबईत नोकरी पक्की, पण आधी पन्नास हजार भरा म्हणतो. भरू का? कोणी या लाइनीत असेल तर सांगा.

धुळेकर_किचनवाला:
भो, पैसे आत्ता अजिबात भरू नको. मी असाच एका ठिकाणी भरून बसलो होतो, सर्टिफिकेट मिळालं पण ते कुठंच चालेना, वर्ष गेलं अन् बापाचे पैसे गेले ते वेगळे. सरकारी रस्ता आहे ना. बारावीनंतर एनसीएचएम जेईई म्हणून परीक्षा असते, त्यातून आयएचएमला, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थांत, ॲडमिशन मिळतं, ३ वर्षांची बीएस्सी, मुंबईचं आयएचएम दादरला आहे, १९५४ पासूनचं. तेवढा वेळ नाहीतर पैसा नसेल तर आयटीआयला फूड प्रॉडक्शनचा १ वर्षाचा ट्रेड असतो, दहावीवर मिळतो, फी कमी. खाजगीत जायचंच असेल तर कोर्सला मान्यता कोणाची ते कागदावर बघ, अन् आधीच्या बॅचची पोरं कुठं कामाला आहेत ते त्या पोरांनाच विचार, ऑफिसवाल्याला नको.

आता कामाचं. मी पुण्यात मोठ्या हॉटेलात आहे, कॉमी ३ म्हणजे किचनमधल्या सगळ्यात खालच्या पायरीपासून सुरू केलं, मग कॉमी २, कॉमी १, डेमी, आता सीडीपी म्हणजे एका विभागाचा शेफ. पहिले सहा महिने फक्त कांदा, बटाटा अन् लसूण. चॉपिंग बोर्डाखाली ओलं फडकं टाकायचं म्हणजे बोर्ड सरकत नाही, हे पहिल्या दिवशी शिकवलं अन् आजही टाकतो. कच्च्या मटणाचा बोर्ड लाल, मासळीचा निळा, भाजीचा हिरवा, चुकला की शेफ सगळं कापलेलं फेकायला लावतो. दहा-दहा तास उभं राहायचं, ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी ११ ते ३ अन् परत संध्याकाळी ७ पासून बंद होईपर्यंत, दिवाळीला सगळे घरी अन् आपण ड्युटीवर. आईला फोनवर हे सांगताना लई जड जातं. सुरुवातीचा पगारही कमीच, पण जेवण मिळतं अन् बऱ्याच ठिकाणी राहायलाही. एवढं माहीत असूनही यावंसं वाटलं तरच ये.

भुसावळची_ताई:
दादा, सगळे किचनचंच बोलतात, पण फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग अन् सर्व्हिस पण आहे. मी हाउसकीपिंगमध्ये आहे, नंतर सुपरवायझर झाले. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा इथपासून शिकले. इंग्रजीला घाबरू नको, मला पण येत नव्हतं, रोज पाहुण्यांशी बोलून बोलून आलं. माझे बाबा पण उष्टं-खरकटं हेच म्हणायचे. एकदा त्यांना ड्युटीवर घेऊन गेले, युनिफॉर्ममध्ये मला मुली रिपोर्ट करताना पाहिलं, काही बोलले नाहीत, पण गावी जाऊन सगळ्यांना सांगितलं. मुली वाचत असतील तर एक सांगते, नाइट शिफ्टनंतर घरी सोडायची गाडी आहे का, हे जॉइन व्हायच्या आधी विचारा.

हायवेवाले_नाना:
बेटा, माझं जळगाव-धुळे रोडवर छोटं हॉटेल आहे, शेवभाजी, भरीत अन् कळण्याची भाकरी. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या खास मालाचं सरकारी मानांकन, मिळालं, बाहेरचे लोक मुद्दाम गाडी थांबवून मागतात, आपल्या पोरांना मात्र त्याची किंमत नाही याचं मला फार वाईट वाटतं. तुला वांगं भाजता येतं ना, ते मोठं आहे रे. पण लग्नाचा स्वयंपाक वेगळा अन् रोजचं हॉटेल वेगळं. इथं जुना माल आधी वापरायचा, शिजलेलं अन्न ६० डिग्रीच्या वर गरम ठेवायचं नाहीतर ५ च्या खाली फ्रिजात, मधल्या तापमानात जिवाणू वाढतात. उन्हाळ्यात आपल्याकडे ४४-४५ ला पारा जातो तेव्हा दोन तास भांडं बाहेर राहिलं तरी मी विकत नाही, टाकून देतो. सुट्टीत दोन महिने माझ्याकडे ये, पगार देईन, गल्ल्यावर पण बसवेन अन् टेबलावर पण. मग ठरव परीक्षा द्यायची का आयटीआय. अन् आप्पांना पण आण, मी बोलतो त्यांच्याशी.

चोपड्याचा_पोरगा:
सगळ्यांचे खूप आभार. कॉलेजवाल्याला नाही म्हणून कळवलं. नाना, आप्पांना तुमचं वाचून दाखवलं, त्यांनी एवढंच विचारलं की भरीत काड्यांवर करता का गॅसवर. रविवारी दोघं येतो.

हायवेवाले_नाना:
काड्यांवरच. या.