२१ डिसेंबरची सहल : सँ-सुल्पिस

नमस्कार मंडळी,
सुट्टीतली पोरांची सहल पॅरिसच्या सँ-सुल्पिस चर्चला ठरतेय. ‘द दा विंची कोड’ या गाजलेल्या कादंबरीतली, चर्चच्या जमिनीवरची पितळी रेघ बघायची म्हणून मुलं मागे लागलीत. बाराला दारात भेटू. अर्ध्या तासात आटपेल ना?

*

ताई, अर्ध्या तासात निघालात तर मुख्य गंमतच हुकेल. ती रेघ सूर्याचे बारा दाखवते, आणि आपल्या हिवाळी घड्याळात ते पावणेएकनंतर वाजतात! दक्षिणेच्या खिडकीतल्या भोकातून येणारा उजेडाचा ठिपका वर्षभर जमिनीवर मागेपुढे सरकतो. डिसेंबरात सूर्य इतका खाली असतो की जमीन पुरत नाही, म्हणून उत्तरेच्या भिंतीपाशी उंच संगमरवरी स्तंभ उभारलाय. ठिपका त्यावर चढतो. सावलीवरून वेळ सांगणारा आपला शंकूच, फक्त सावलीऐवजी ऊन. ल मोनिए या ज्योतिर्विदानं १७४३मध्ये हे पुरं केलं; ईस्टरच्या तारखेसाठी वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र समान होण्याचा क्षण, नेमका धरायचा होता. स्तंभावरच्या लेखातली राजाची आणि मंत्र्यांची नावं फ्रेंच क्रांतीत खरवडली, ती जागा मुलांना शोधू द्या. आणि कादंबरीवर जाऊ नका. तिथं म्हटलेली पॅरिसची मध्यान्हरेषा, म्हणजे फ्रान्सची जुनी शून्य रेखांशाची रेघ, ही नव्हेच, ती शंभरेक मीटर पूर्वेला आहे.

*

काका, डिसेंबरात ऊन? पॅरिसात?

*

बरोबर बोललात. ढग असले तर आत शिरताच उजवीकडचं पहिलं चॅपल (प्रार्थनेची छोटी खोली) गाठा. तिथली भित्तिचित्रं चित्रकार दलाक्रवाची, १८६१ साली पुरी झालेली. जवळ राहता यावं म्हणून आजारी माणसानं १८५७मध्ये फ्युर्स्तांबेर चौकात बिऱ्हाड हलवलं. डाव्या भिंतीवर बायबलमधला याकोब देवदूताशी झुंजतोय : तालमीतल्या पैलवानासारखं डोकं खाली घालून सगळा जोर लावलाय, आणि देवदूत मात्र शांतपणे त्याची मांडी धरून उभा. पण मी दरवेळी बघतो ते खालच्या कोपऱ्यात. याकोबनं उतरवून टाकलेले कपडे, टोपी, भाला, नुसता ढीग. अख्ख्या देवळात मला तोच सगळ्यात जिवंत वाटतो.

दाराजवळचे पवित्र जलाचे दोन प्रचंड शिंपले खरे आहेत, व्हेनिसनं फ्रान्सच्या राजाला दिलेले. त्याखालचे खडक शिल्पकार पिगालनं कोरलेत. लहानग्यांना तेच आवडतील. इथल्या, कावाये-कोल या कारागिराच्या ऑर्गनबद्दल लिहायला लागलो तर मेल संपायची नाही.

*

ठरलं तर. साडेबारा, दाराशी. मेट्रो ४. डबे बाहेर कारंज्यापाशी खायचे की नाही, ते थंडी बघून. प्रत्येकानं पोरांना हातमोजे द्या, मागच्या वेळी माझेच गेले.