काल्पनिक शहरावर रात्रीचे हवाई हल्ले: बंब असूनही पेठ जळते कशी?

पैलतीर: कादंबरीतलं शहर नदीकाठी आहे. शत्रू दोन महिने रोज रात्री येतो. ब्लॅकआऊट कडक, बंब भरपूर, पाणी पायाशी. तरी एका रात्रीत जुनी पेठ खाक व्हायला हवी. शिवाय अंधारात विमानांना शहर सापडतं कसं?

ओहोटी: बाँब वाढवू नका, पाणी तोडा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी लंडन पेटवलं, ती २९ डिसेंबर १९४०ची रात्र बघा. स्फोटक बाँबनी रस्त्याखालच्या जलवाहिन्या फोडल्या, म्हणून टेम्स नदीचं पाणी उपसायला गेले, तर मोठी ओहोटी. पाणी चिखलापलीकडे, पंपाच्या नळ्या पोचेनात. त्यात रविवार, कचेऱ्यांना कुलपं. तुमच्या नदीला भरती-ओहोटी आहे का, ते आधी ठरवा. नसेल तर उन्हाळ्यात पात्र आटवा.

पैलतीर: मग सणाची रात्र घेतो. पण कुलपांनी एवढा फरक पडतो?

वाळूची बादली: सगळा खेळ तिथेच आहे. जर्मन आगलावा बाँब जेमतेम १ किलोचा, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. कौलं फोडून माळ्यावर पडतो आणि तिथेच धगधगतो. पहिल्या काही मिनिटांत कुणी पोचलं तर वाळूने दाबता येतो. बादलीतल्या हातपंपाला तिघं लागतात: एक पंप मारणारा, एक नळी धरणारा, एक पाणी आणणारा. बाँबवर बारीक फवारा, भोवतालच्या लाकडावर धार. बादलीभर पाणी एकदम ओतलं की जळता धातू उडतो आणि एकाच्या चार आगी होतात. कुलूपबंद इमारतीत मात्र छपरातून ज्वाळा निघेपर्यंत खाली पत्ताच नसतो. त्या रात्रीनंतरच ब्रिटनमध्ये बहुतेक इमारतींवर आगीचा पहारा सक्तीचा झाला. तुमच्या कथेतही हा नियम पेठ जळाल्यावरच येऊ द्या.

सलगसूर: अंधाराचं उत्तर रेडिओ. जर्मनांच्या क्निकेबाइन यंत्रणेत लक्ष्याच्या दिशेने एक अरुंद रेडिओलहर सोडलेली असे. विमान तिच्या एका बाजूला सरकलं की वैमानिकाच्या कानात ठिपक्यांसारखे तुटक आवाज, दुसरीकडे रेघांसारखे लांब आवाज, मधोमध सलग सूर. दुसरी लहर आडवी छेदते तिथे लक्ष्य. ब्रिटिशांनी हिच्यात व्यत्यय आणला, तोवर एक्स-गेरेट ही नवी यंत्रणा आली: एक मुख्य लहर, तीन आडव्या. शेवटच्या दोन आडव्या लहरींमधलं अंतर कापायला लागलेल्या वेळेवरून घड्याळच बाँब सोडायचं. १४ नोव्हेंबर १९४०ला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरावर ही यंत्रणा असलेल्या तुकडीने आधी आगी लावल्या, मागच्यांनी उजेड बघून बाँब टाकले. म्हणजे सगळ्या विमानांत यंत्र दाखवायची गरज नाही, डझनभर पुरे. बचाव हवा असेल तर शहराबाहेर मोकळ्या रानात खोट्या आगी पेटवा, ब्रिटिशांनी तेच केलं. फक्त खोट्या आगी पहिल्या बाँबनंतर लगेच पेटायला हव्यात आणि खऱ्या आगी विझत आलेल्या असाव्यात. दोन्ही एकदम दिसल्या तर फसवणूक उघडी पडते.