कॅलिबरवरची भांडणं पुरे, आधी साइटचं बोला

पाषाणरोड:
लष्कराची जुनी ५.५६ ची इन्सास रायफल मागे पडली, ७.६२ ची अमेरिकी सिग आली, ७.६२ चीच रशियन बनावटीची एके-२०३ आली. दर वेळी वाद मात्र कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या जाडीचा: ५.५६ मिमी की ७.६२? माझं मत असं की साध्या पायदळ जवानाच्या रायफलीवर धड साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, नसेल, तर कॅलिबर कुठलंही आणा, नेम जुनाच राहतो.

आकडे बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये सिग ७१६ ची दुसरी खेप मागवली, ७३,००० रायफली, ८३७ कोटी. म्हणजे नगाला सव्वा लाखाच्या आतच. त्याच सिगसाठी नाइट साइटचा, म्हणजे अंधारात नेम धरायच्या साइटचा, ६५९ कोटींचा करार झाला ऑक्टोबर २०२५ मध्ये. पहिल्या खेपेचा करार २०१९ चा. रायफलीनंतर सहा वर्षांनी हे सुचावं, हेच मला खटकतं.

उघड्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुंटावर, नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि समोरचा माणूस, तिन्ही एका रेषेत लागतात. डोळ्याला यातलं एकच स्पष्ट दिसतं. तीनशे मीटरवर आडवा पडलेला माणूस तर माशीच्या टोकाआडच जातो. रेड डॉटमध्ये, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटमध्ये, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, ठिपका टेकवायचा, घोडा दाबायचा. रात्री दिसायची गगल असो नाहीतर लाल ठिपका, ही चैन नाही हो!

माजी_हवालदार:
साहेब, राग मानू नका, पण रायफल खांद्यावर घेऊन चढ चढलात की मत बदलेल. सिगचा ७.६२ बाय ५१ चा एक राउंड साधारण २४ ग्रॅम, इन्सासच्या ५.५६ चा १२. शंभर राउंडला सव्वा किलो इथेच वाढला. त्यावर साइट, टॉर्च, लेझर, पुढची मूठ. दुकानात प्रत्येक वस्तू हलकीच वाटते.

दुसरं, साइट बसवली म्हणजे काम झालं नाही. गाडीत आपटली, दगडावर पडली की झिरो, म्हणजे साइट आणि गोळीचा जुळवलेला मेळ, हलला. परत रेंजवर जा, परत राउंड जाळा. तेच राउंड पोराला आधीपासून फायर करू दिले असते तर माशीवरही त्याच्या गोळ्यांचा ग्रुप मुठीएवढा आला असता. नळी साफ करायची माझी चिंडी नि फुलतरूची दोरी बावीस वर्षांत एकदाही डिस्चार्ज झाले नाहीत.

सेल_बदला:
हवालदारसाहेब, फुलतरूला दंडवत. पण बॅटरीचा मुद्दा जुना झाला. अमेरिकी सैन्यातला एमपॉइंट कंपनीचा कॉम्प-एम४ हा रेड डॉट एका पेन्सिल सेलवर ८०,००० तास चालतो असं कंपनी सांगते. म्हणजे आठ-नऊ वर्षं. तुमची पोस्टिंग तीनदा बदलेल, सेल तोच. थंडीत सेल लवकर उतरतो हे खरं, म्हणून तर राखीव म्हणून माशी ठेवतातच.

बार्शीकर:
पाषाणरोड, कॅलिबर आणि साइट वेगळी काढताय तिथेच चुकताय. एके-२०३ चं काडतूस ७.६२ बाय ३९, तीनशे मीटरच्या पुढे गोळी झपाट्याने खाली येते. तिच्यावर चारपट दुर्बीण लावून काय दिसणार? गोळी कुठे कमी पडली ते.

अमेरिकेने २०२२ मध्ये ६.८ मिमीची नवी रायफल निवडली, ती सोबत अंतर मोजून गणित करणारी साइट घेऊनच. पण मॅगझीन वीस राउंडचं. सात मॅगझीन धरली तर १४०, जुन्या एम४ रायफलीवर २१० व्हायचे. तिथेही यावर भांडणं चालू आहेतच. एक गोष्ट हलवली की बाकीच्या सगळ्या हलतात.

वरणगावचा:
५.५६ गेली असं कुणी समजू नका. पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्र-प्रयोगशाळेने आखलेली आणि भारत फोर्जकडे सोपवलेली नवी कार्बाइन, म्हणजे आखूड रायफलही ५.५६ बाय ४५ चीच आहे. आमच्या गावच्या ५.५६ ची काडतुसं बनवणाऱ्या कारखान्यावर इतक्यात फुलं वाहू नका 😀

पाषाणरोड:
बार्शीकर, अर्धं मान्य. पण एकेचंच बघा. जुन्या एकेचं वरचं झाकण सैल बसतं, त्यावर साइट लावली तर झिरो टिकत नाही. एके-२०३ मध्ये झाकण घट्ट केलं, त्यावर साइट अडकवायची पट्टी, म्हणजे रेल, दिली. अमेठीतल्या कोरव्याच्या कारखान्यात अशा सहा लाखांवर रायफली बनायच्या आहेत. खुंटी ठोकून झाली, तिला टांगायचं काय, एवढंच मी विचारतोय.

बार्शीकर:
आणि जो ते टांगणार त्याला शिकवणार कोण, ते मी विचारतोय.

उंचावरून:
तुम्ही सगळे अजून आडवाच नेम धरताय. युक्रेनमध्ये पायदळ वर बघत चालतं. तिथे ड्रोन पाडायला छर्‍याच्या बंदुका काढल्यात. इस्रायलची स्मॅश साइट लक्ष्य पकडून ठेवते आणि गोळी लागेल त्याच क्षणी घोडा सुटू देते. आपल्या नौदलाने ती घेतलीय. पायदळाला द्यायचीच तर तसली द्या, नुसता ठिपका काय कामाचा?

माजी_हवालदार:
भाऊ, साइटने घोडा सोडायचा तर मग जवान कशाला हवा, स्टँड लावा.

पण एक कबूल करतो. दिवसाचं आम्ही माशीवर भागवू. रात्री दोन ते चारची ड्यूटी, चंद्र नाही, नाल्यात दगड घरंगळला, तर ते रानडुक्कर की माणूस हे आम्ही कानानेच ठरवत आलो. साइटीतली एकच काय हवी विचाराल, तर नाइट साइट. गगल नको. ती घातली की साइटला डोळा लागत नाही, मग नेमाला अदृश्य लेझर लागतो, आणि समोरच्याकडे गगल असेल तर त्याला तो दोरीसारखा आपल्यापर्यंत दिसतो.

आणि ते ६५९ कोटी रेंजवरच्या राउंडांतून कापू नका म्हणजे झालं.