पॉप्युलेशन मोमेंटमला मराठीत काय म्हणायचं?

लोकसंख्येवर लेख लिहायला घेतलाय आणि एका शब्दावर गाडी अडलीये. बाईमागे सरासरी मुलं २.१ च्या (आई-बापांची जागा भरून निघेल इतक्या आकड्याच्या) खाली आली तरी लोकसंख्या लगेच थांबत नाही, पुढे कितीतरी वर्षं वाढतच राहते, तो मोमेंटम. शाळेत संवेग शिकलो होतो पण 'लोकसंख्येचा संवेग' वाचून कोणाला काय कळणार?

— संवेग बरोबरच आहे की. फक्त 'जडत्व' लिहू नका, ती इनर्शिया.

— जडत्व वाचून वाटेल देशाचं वजन वाढलंय :) 'रेटा' कसा वाटतो? गर्दीत आपण थांबलो तरी मागून रेटा येतोच.

— रेटा छान आहे, पण 'लोकसंख्येचा रेटा' म्हटलं की शहरावरचा, जमिनीवरचा ताण असाच अर्थ डोक्यात येतो. मी तर 'आवक' म्हणेन. आमच्याकडे पाऊस उघडला तरी कोयनेत आवक चालूच असते, डोंगरात पडलेलं पाणी मागून येत राहतं ना, तसंच हे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी भरपूर मुली जन्मल्या, त्या आता आया होतायत, प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी जन्म मरणाऱ्यांपेक्षा जास्तच, कारण म्हाताऱ्यांची पिढी मुळात लहान. चीन नव्वदच्या दशकातच २.१ च्या खाली गेला, पण लोकसंख्या प्रत्यक्ष घटायला २०२२ उजाडलं!

— उदाहरण झकास, शब्द नाही पटला. आवक म्हणजे बाहेरून आलेलं, मार्केट यार्डात कांद्याची असते ती. लोक स्थलांतर समजतील.

— जरा अवांतर. लेखात 'भारताचा जन्मदर २.०' असं काही लिहू नका हं, बातम्यांमधे सर्रास असतं. जन्मदर म्हणजे वर्षातले जन्म, दर हजार लोकांमागे मोजतात, २०२० चा १९.५ होता. २.० हा एकूण प्रजनन दर, म्हणजे तुमची ती बाईमागे सरासरी मुलं, कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मधला, आणि महाराष्ट्राचा तर १.७ च.

— अरे देवा, मी मथळ्यातच जन्मदर टाकलाय, आत्ता बदलतो. शब्द 'मागच्या पिढीचा रेटा' असा पूर्ण घेतो म्हणजे ताणाशी घोळ नको, पहिल्यांदा येईल तिथे कंसात संवेग. आणि ते धरणाचं चोरतोय, चालेल ना?

— चोरा की, पण धरण कोयनाच ठेवा.