पुण्याहून महाडला लग्नासाठी जाताना वरंधा घाट घ्यावा की ताम्हिणी?

डिसेंबरात आतेबहिणीचे लग्न महाडला असून, गोरज मुहूर्त असल्याने सकाळ मोकळी मिळेल. आदल्या दिवशी निघून लग्नाच्या सकाळी रायगड चढावा, असे मुलांच्या मनात आहे. सोबत आई असून तिचे गुडघे दुखतात. कोणता रस्ता सुचवाल?

उत्तर १: भोरमार्गे वरंधा घाट घ्यावा. नीरा देवघर धरणाच्या पाण्याला खेटून जाणारा रस्ता पावसाळ्यानंतर फार देखणा दिसतो आणि घाटमाथ्यावर वाघजाईच्या देवळाशी गरम कांदाभजी मिळतात. मात्र तिथली माकडे हातातली पुडी पळवतात, तेव्हा काचा बंद ठेवाव्यात. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट अनेकदा बंद असतो, म्हणून निघण्यापूर्वी तो सुरू असल्याची खात्री करावी.

उत्तर २: घाटात गाडी लागणारे कोणी असेल, तर माझ्या मते ताम्हिणीने माणगावला उतरून मुंबई-गोवा महामार्गाने महाड गाठणे बरे. अंतर वाढते, पण वळणे कमी त्रासाची आहेत.

उत्तर ३: रायगडावर आईंना हिरकणीवाडीच्या रोपवेने न्यावे आणि मुलांनी चित्त दरवाजाकडून दीड हजारांच्या आसपास पायऱ्या चढाव्यात, सगळ्यांची भेट होळीच्या माळावर ठरवावी. उजाडताच चढायला लागावे, कारण डिसेंबरातही दहानंतर कातळ तापतो. टकमक टोक, जगदीश्वराचे मंदिर आणि समाधी पाहून दुपारपर्यंत उतरलात, तर सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या महाडला आंघोळ करून पैठणी नेसायलाही वेळ उरेल. लग्नाचे कपडे मात्र गडावर नेऊ नयेत.