मोटरहोम सरळ रस्त्यावरही भरकटते, अलाइनमेंट करूनही फरक नाही

वळणवाट: मंडळी, जरा मदत हवी आहे. आमची मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) व्हॅनच्या चासीवर बांधलेली आहे, मागचे चाक डबल, बॉडी मागच्या एक्सलच्या बरीच मागे बाहेर आलेली. ऐंशीच्या वर गेलं की स्टेअरिंग सतत दोन्हीकडे थोडं थोडं सांभाळत बसावं लागतं, मोठा ट्रक बाजूने गेला की आधी बाहेर ढकलली जाते मग आत खेचली जाते, दिवसभर चालवून खांदे भरून येतात आणि बायको तर हायवेवर चालवायलाच तयार नाही. अलाइनमेंट करून घेतली, प्रिंटआउटवर सगळं हिरवं. गाडी एका बाजूला ओढत नाही, टायर वेडेवाकडे झिजत नाहीत. मग दोष कुठे? स्टेअरिंग डॅम्पर टाकू का?

नटबोल्ट: डॅम्पर थांबवा. तो झटका आणि थरथर खातो, गाडी सरळ ठेवायचं काम त्याचं नाही.
प्रिंटआउटवर कॅस्टरचा आकडा किती आहे ते बघा. हिरवं म्हणजे फक्त कंपनीच्या रेंजमध्ये आहे एवढंच, आणि ती रेंज बरीच रुंद असते. समजा २ ते ६ अंश दिली असेल तर सव्वादोनही हिरवं आणि साडेपाचही हिरवं, पण चालवायला त्या दोन गाड्या पार वेगळ्या. चाक ज्या रेषेभोवती वळतं ती वरच्या टोकाला मागे झुकलेली असते, तो झुकाव म्हणजे कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हात सोडला तरी ती सरळ जाते, तसंच. कॅस्टर वाढवला की चाक आपोआप मधे येऊ बघतं. स्टेअरिंग थोडं जड होतं, पण पॉवर स्टेअरिंगला ते कळतही नाही.
त्यामुळे अलाइनमेंटवाल्यांना स्पष्ट सांगा की कॅस्टर रेंजच्या वरच्या टोकाला हवा आणि दोन्ही बाजूला जवळजवळ सारखा, नाहीतर ज्या बाजूला कमी असेल तिकडे गाडी ओढेल.

वळणवाट: आत्ता बघितलं, डावा २.४ आणि उजवा २.७. म्हणजे हेच का? हे वाढतं कसं?

नटबोल्ट: हेच असण्याची शक्यता जास्त. बॉल जॉइंटवाल्या चासीत वरच्या जॉइंटला ऑफसेट बुश (मधोमध भोक नसलेली नळी) मिळतो, तो फिरवून बसवला की कॅस्टर आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, दोन्ही बदलतात. एकसंध एक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) असतील तर पाटा आणि एक्सलच्या मधे पाचर घालतात, पाटे एक्सलच्या वर असतील तर जाड बाजू मागे. आणि कॅस्टर हलवला की टो, म्हणजे वरून बघितल्यावर पुढची चाकं आत (टो-इन) की बाहेर (टो-आउट) वळलेली आहेत ते, बदलतो, म्हणून टो सगळ्यात शेवटी. मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीला किंचित टो-इनच हवा, टो-आउट झाला की परत भरकटायला सुरुवात.

शांतसारथी: थोडं थांबा, अलाइनमेंटच्या आधीची एक गोष्ट राहिली. गाडी काट्यावर नेऊन पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोला, आणि तोही प्रवासाला निघताना भरता तशी भरून: पाणी, डिझेल, सामान, माणसं. मागे जास्त बाहेर आलेल्या बॉडीत सामान अगदी शेवटी भरलं की पुढचा एक्सल उचलला जातो, चाकांची पकड कमी होते आणि मग कितीही अंश वाढवा, समाधान होत नाही. जड वस्तू दोन एक्सलच्या मधे घ्या. मिळालेल्या वजनावरून टायर कंपनीच्या तक्त्यात हवा बघा. टायरवर छापलेला कमाल आकडा भरू नका, हवा जास्त झाली की टायर रस्त्यावर कमी टेकतो.
अलाइनमेंटही तशीच भरलेल्या गाडीवर करा. रिकाम्या गाडीची उंची वेगळी असते, कोन वेगळे येतात.

वळणवाट: अलाइनमेंट रिकाम्या गाडीवरच झाली होती, टाक्याही रिकाम्या होत्या.

शांतसारथी: मग तो कागद बाजूला ठेवा, भरून पुन्हा मोजायला लावा. त्याआधी टाय रॉड एन्ड, बॉल जॉइंट, स्टेअरिंग बॉक्स यांचा प्ले (ढिलेपणा) तपासून घ्या, ढिल्या भागांवर केलेली अलाइनमेंट टिकत नाही. एकाने स्टेअरिंग थोडं डावीउजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खालून कुठला जोड आधी नुसता हलतो ते बघायचं, इंजिन चालू ठेवून.

नटबोल्ट: हे बरोबर. फक्त बॉक्सचा स्क्रू आवळून प्ले घालवू नका, तो जास्त घट्ट झाला की स्टेअरिंग मधे परत येत नाही. ट्रकच्या ढकलण्याचं म्हणाल तर कॅस्टरने सुधारणा होईल, पण मागचा भाग हलत असेल तर मागे ट्रॅक बार (एक्सलला चासीशी बांधून बाजूला सरकू न देणारा दांडा) लागेल. आधी वजन, प्ले आणि कॅस्टर करा, मग एक फेरी मारून बघा, त्यानंतर बारचं बोलू. नवीन आकडे आले की इथे टाका.