जर्मन संगिनीवरचे आकडे-अक्षरं कशी वाचायची? (बी. १२. आर. ३. ११८.)

उल्मवासी:
नमस्कार मंडळी, मी सध्या जर्मनीत उल्मला असतो, इथल्या जुन्या बाजारात एक संगीन मिळाली. पातं साधारण २५ सेंमी, मुठीला दोन्ही बाजूंनी लाकूड, क्रॉसगार्डला (मूठ आणि पातं यांच्या मधल्या आडव्या पट्टीला) बंदुकीच्या नळीवर बसणारं कडं आणि त्याच क्रॉसगार्डवर ठोकलंय बी. १२. आर. ३. ११८. पात्याच्या पाठीवर मुठीलगत मुकुट, खाली एल आणि ८८. म्यान चामड्याचं आहे, त्याच्या लोखंडी तोंडावर मात्र बी. १२. आर. ७. ४१. असं आहे. नेटवर १२ नंबरची रेजिमेंट शोधली तर फ्रँकफुर्ट ऑडरची ब्रँडेनबुर्ग ग्रेनेडियर येतेय. मग बी म्हणजे ब्रँडेनबुर्ग का? आणि म्यानावर वेगळे आकडे कसे?

जुनंपातं:
भाऊ, मस्त वस्तू हाताला लागलीय! बी म्हणजे बव्हेरिया. १८७१ ला जर्मनी एक झाली तरी बव्हेरियाने स्वतःचं सैन्य, स्वतःचं युद्धखातं आणि रेजिमेंटचे नंबरसुद्धा स्वतःचे ठेवले, बाकी प्रशिया, सॅक्सनी, वुर्टेंबर्ग यांच्या पायदळाचे नंबर एकाच ओळीत लागतात. म्हणून नुसतं १२. आर. असतं तर तुम्ही शोधलेली ब्रँडेनबुर्गची बरोबर होती, पण १२ च्या आधी बी आला की सगळंच बदललं, ही बव्हेरियाची १२ वी पायदळ रेजिमेंट, प्रिन्स अर्नुल्फच्या नावाची. आणि तिची छावणी कुठे होती माहितीय? नॉय-उल्मला! म्हणजे तुमच्या गावातून डॅन्यूबचा पूल ओलांडला की पलीकडे. उल्म वुर्टेंबर्गच्या राज्यात, नॉय-उल्म बव्हेरियात, त्यामुळे अलीकडे १२० आणि १२७ नंबरवाले शिपाई आणि पलीकडे बव्हेरियाचे १२ नंबरवाले.

वाचायचं असं, आधी रेजिमेंट, मग कंपनी, मग त्या कंपनीतला हत्याराचा नंबर. तुमची ३ ऱ्या कंपनीची, ११८ नंबरची. आर नीट बघा, सरळ छापील वळणाचा असेल तर पायदळ रेजिमेंट, तिरका हाताने लिहिल्यासारखा असेल तर रिझर्व्ह, बरेच जण इथेच चुकतात.

एल ८८ मधला एल लुइटपोल्डचा. तेव्हा राजा ओटो आजारी होता म्हणून प्रिन्स लुइटपोल्ड कारभार बघायचा. ८८ म्हणजे १८८८. प्रशियाच्या पात्यावर तिथे विल्हेल्मचा डब्ल्यू असतो. मापावरून ही ७१/८४ मॉडेलची वाटतेय, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या पुष्कळ आधी बनलेली, पुढे युद्धात वापरली गेली असेल तर ती गोष्ट वेगळी.

मानेगाव:
म्यानाचं सांगतो. रेजिमेंट तीच पण कंपनी ७ वी आणि नंबर ४१, म्हणजे म्यान दुसऱ्या शिपायाचं आहे, बराकीत किंवा नंतर कधीतरी अदलाबदल झालेली. जुळणी नसली की किंमत थोडी उतरते हे खरं, पण एकाच रेजिमेंटची दोन्ही मिळणं हेही काही रोजचं नाही, वेगळी करू नका प्लीज.

आणि कृपा करून तारेचा ब्रश, पॉलिश पेपर काही लावू नका!! ठोकलेली अक्षरं उथळ असतात, एकदा घासली की गेली कायमची. टॉर्च बाजूने तिरका मारून बघा, अर्धवट बुजलेले आकडे सुद्धा उठून दिसतात. लोखंडाला हलकं तेल आणि मऊ कापड बस झालं, चामड्यावर तेल अजिबात ओतू नका. अक्षराच्या खोबणीतला रंग आजूबाजूच्या लोखंडासारखाच जुना दिसतोय का तेही बघा, खोबणी चकचकीत आणि कडा धारदार असतील तर शिक्का हल्ली ठोकलेला असू शकतो.

संगीता_पुणे:
मध्येच विचारते, माझ्या मामांकडे एक आहे, एका बाजूला ४३ आणि सीव्हीएल, दुसऱ्या बाजूला ४४७१ आणि खाली के. ही कुठल्या रेजिमेंटची?

जुनंपातं:
ताई, त्यात रेजिमेंट नाहीये. सीव्हीएल हा झोलिंगन शहरातल्या कारखान्याचा कोड, वायर्सबर्ग किर्शबाउम, ४३ म्हणजे १९४३, आणि ४४७१ के हा नुसता सिरीयल नंबर. हिटलरच्या काळातल्या सैन्याने युनिटचे शिक्के बंद केले होते. म्यानावरही तोच नंबर आहे का बघा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, १९२० च्या दशकात, जे. आर. असं दिसतं, तो जे म्हणजे खरं तर इन्फंट्रीचा आय, जे सारखा लिहिलेला, पण कैसरच्या म्हणजे जर्मन सम्राटाच्या काळात एकटा जे दिसला तर तो येगर (हलक्या पायदळाच्या) बटालियनचा. त्यामुळे आधी काळ ठरवायचा आणि मगच अक्षर वाचायचं.

उल्मवासी:
खूप खूप आभार! टॉर्च मारून बघितलं, आर सरळ छापीलच आहे आणि खोबणीतला काळपटपणा बाकीसारखाच. दिवाळीला घरी येताना बरोबर आणावी म्हणतोय.

मानेगाव:
नका आणू अशीच बॅगेत टाकून. आपल्याकडच्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब पात्याच्या हत्यारांत संगिनीचं नाव घालून उल्लेख आहे, तुमचं पातं २५ सेंमी म्हणजे त्याच्या वर जातंय. आधी लेखी परवानगीचं बघा, तोवर तिथेच कोरड्या जागी ठेवा, आणि पातं म्यानाबाहेर काढून ठेवा, चामड्यात ओल धरते.